टर्बो इंजिनचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: आखणी, जोडणी आणि तपासणी, योग्य क्रमाने

टर्बोच्या मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनाच्या हेडमधून निघणारा जळका वायू टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचं, काम बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. आधी पाइप आणि बेंड आणले जातात, हेडपासून एकेक नळी जोडत टर्बोपर्यंत नेली जाते, आणि शेवटी लक्षात येतं की वेस्टगेटला (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) जागाच उरली नाही, ऑइलची परतीची नळी आडवी जाते आणि फ्लँजच्या (बोल्टने जोडायची सपाट पट्टी) मधल्या नटावर पाना बसत नाही. मग एखादी नळी ठोकून चपटी केली जाते, वेस्टगेट मिळेल तिथे काटकोनात चिकटवला जातो. गाडी चालते. पण बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा वाढीव दाब) उशिरा येतो, वरच्या आरपीएमला आवरत नाही, आणि काही काळाने कलेक्टरला (सगळ्या नळ्या एकत्र मिळतात तो तुकडा) तडा जातो.

क्रम उलटा हवा. टर्बो, वेस्टगेट आणि टर्बोचा आधार यांच्या जागा आधी पक्क्या करायच्या, नळ्या सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला धरून लिहिले आहेत. सहा सिलिंडर किंवा डिझेलमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

## हात लावण्याआधी: कशाला किती महत्त्व द्यायचं

पिस्टन तळाला पोचण्याच्या ४० ते ६० अंश (क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे) आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या वेळी सिलिंडरमध्ये बराच दाब शिल्लक असतो आणि तो एका जोरदार झोताने बाहेर पडतो. हा झोत कमी पसरून आणि कमी थंड होऊन टर्बाइनवर (टर्बोचं वायूने फिरणारं चाक) आदळला, की टर्बो लवकर वेग घेतो. नळी लांब आणि रुंद असेल तर झोत वाटेतच विरतो.

दुसरा मुद्दा एकमेकांच्या वाटेत येण्याचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण २४० अंश उघडा राहतो, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांनी नवा झोत सुटतो. म्हणजे सुमारे ६० अंश दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात. ज्याचा झोत आधी सुटला त्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह नेमका याच वेळी उघडू लागलेला असतो. शेजारच्याचा ताजा, गरम झोत उलटा त्यात घुसला तर जळका वायू आत राहतो, नवी हवा कमी भरते, नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) लवकर होतो आणि इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घ्यावं लागतं. ताकद जाते ती इथे.

म्हणून प्राधान्यक्रम असा: झोत एकमेकांपासून वेगळे ठेवणं, मॅनिफोल्डच्या आतलं आकारमान आटोक्यात ठेवणं, कलेक्टरमध्ये नळ्या लहान कोनात मिळवणं, वेस्टगेटला सरळ वाट देणं. सगळ्या नळ्यांची लांबी सारखी ठेवणं हे त्यानंतर येतं, जरी चर्चा सगळ्यात जास्त त्याचीच होत असली तरी. हिशोब करून पाहा. ९०० अंश सेल्सिअसच्या एक्झॉस्ट वायूत दाबाची लाट सेकंदाला सुमारे ६७० मीटर जाते. दोन नळ्यांत ५ सेंमीचा फरक असेल, तर ६००० आरपीएमला तो क्रँकच्या जेमतेम २.७ अंशांचा होतो. झोतांमधलं अंतर १८० अंशांचं आहे. एवढ्या फरकासाठी एका नळीला दोन जादा वळणं देणं हा तोट्याचा सौदा आहे.

## टप्पा १: दोष मॅनिफोल्डचाच आहे का, ते मोजा

मॅनिफोल्ड बदलून न सुटणारे प्रश्न मॅनिफोल्डवर ढकलले जातात. आधी जुन्या मॅनिफोल्डवर तीन आकडे घ्या.

टर्बाइनच्या आधीचा दाब. कलेक्टरला छोटं भोक पाडून त्यात स्टीलची बारीक नळी बसवा. वायू थंड व्हावा म्हणून तिची किमान अर्धा मीटर गुंडाळी करा आणि मग दाबाचा सेन्सर जोडा. भोक पाडण्याआधी मॅनिफोल्ड उतरवून घ्या. धातूचा कीस टर्बाइनमध्ये गेला तर पाती खराब होतात. बूस्ट १.२ बार असताना हा दाब १.८ बार असेल तर गुणोत्तर १.५ येतं, आणि रस्त्यावरच्या गाडीला ते चालतं. गुणोत्तर २ च्या वर गेलं आणि वेस्टगेट आधीच उघडलेला असेल, तर बहुधा टर्बाइन हाऊसिंग लहान पडतंय. नवा मॅनिफोल्ड त्यावर उपाय नाही.

प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान. के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) चारही नळ्यांत हेड फ्लँजपासून सारख्याच अंतरावर, ३ ते ५ सेंमीवर बसवा. टोक नळीच्या मध्यात हवं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा सातत्याने ४०–५० अंश वेगळा दिसला तर त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करून पुन्हा मोजा. फरक इंजेक्टरबरोबर सरकला तर दोष इंजेक्टरचा. तो त्याच सिलिंडरला चिकटून राहिला तर मॅनिफोल्डवर संशय घ्यायला जागा आहे.

बूस्ट कोणत्या आरपीएमला येतो. एकाच गिअरमध्ये, बंद रस्त्यावर किंवा डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), २००० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल देऊन नोंद घ्या. किमान तीन वेळा, इनटेकचं तापमान जवळपास सारखं असताना. ही नोंद नसेल तर नवीन मॅनिफोल्डने काय बदललं हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

तपासा: आजच्या अनेक टर्बो इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याभोवती कूलंट फिरतं. अशा हेडवर टर्बो थेट बसतो. तुमचं इंजिन असं असेल तर पुढचं बहुतेक काम तुम्हाला लागूच नाही.

## टप्पा २: प्रकार निवडा

लॉग. एका आडव्या नळकांड्यात चारही पोर्ट उघडतात. आकारमान कमी, उष्णता कमी वाया जाते, मजबूत, टर्बो इंजिनाच्या जवळ. तोटा म्हणजे झोत एकमेकांत मिसळतात. मध्यम बूस्ट, मूळ कॅम आणि लहान टर्बो असेल तर चांगला ओतीव लॉग मॅनिफोल्ड बदलायची घाई करू नका. खालच्या आरपीएमला तो लांब नळ्यांच्या चकचकीत मॅनिफोल्डला अनेकदा मागे टाकतो.

नळ्यांचा, चारांचा एक. प्रत्येक पोर्टची वेगळी नळी, पुढे एक कलेक्टर. वरच्या आरपीएमला फायदा, जास्त ओव्हरलॅपच्या (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणाऱ्या) कॅमला गरजेचा. पण आकारमान वाढतं, म्हणून व्यास आणि लांबीत हात आखडता घ्यावा लागतो.

ट्विन स्क्रोल. टर्बाइन हाऊसिंगला दोन वेगळ्या वाटा असतील तरच. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर १ आणि ४ एका वाटेत, २ आणि ३ दुसऱ्या वाटेत. अशाने एका वाटेत दर ३६० अंशांनी एकच झोत येतो आणि वर सांगितलेली टक्कर टळते. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात १-५-३-६-२-४ ऑर्डरला पहिले तीन एकत्र आणि शेवटचे तीन एकत्र. प्रत्येक वाटेत झोतांमध्ये २४० अंश. तीन सिलिंडरच्या इंजिनात झोत मुळातच २४० अंशांच्या अंतराने येतात, त्यामुळे तिथे ट्विन स्क्रोलवर खर्च करण्यात अर्थ नाही.

सावधान: ट्विन स्क्रोलचा फायदा सगळ्यात जास्त वाया जातो तो दोन ठिकाणी. पहिलं, टर्बो फ्लँजवर मधली पट्टी नसलेलं उघडं गॅसकेट लावल्याने. दुसरं, दोन्ही वाटांतून एकेक नळी काढून त्या वेस्टगेटच्या आधीच एकत्र केल्याने. दोन्ही चुकांमुळे मधली भिंत असूनही नसल्यासारखी होते. एक तर दोन वेस्टगेट लावा, नाहीतर एकाच वेस्टगेटच्या व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत मधली भिंत न्या.

## टप्पा ३: टर्बो, वेस्टगेट आणि आधार जागेवर लटकवा

इंजिन गाडीत असताना, रेडिएटर, फॅन, स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या आणि बॉनेट सगळं जागेवर ठेवून हे काम करा. रिकाम्या इंजिनावर जमलेली जागा गाडीत जमेलच असं नाही.

१. टर्बो तात्पुरत्या पट्ट्यांनी किंवा लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. शाफ्ट आडवा हवा, १५ अंशांपेक्षा जास्त कलता नको. ऑइल बाहेर पडायचं तोंड खाली हवं, उभ्या रेषेपासून फार तर ३५ अंश. परतीची नळी सतत उताराने संपमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी), तेलाच्या पातळीच्या वर उतरली पाहिजे. कुठेही खोलगट भाग राहिला तर तेल तुंबतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं. मग निळा धूर येतो आणि टर्बो खराब म्हणून उगाच बदलला जातो.

२. कंप्रेसरचं तोंड, डाउनपाइप (टर्बाइननंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि एअर फिल्टर यांची वाट पाहा. डाउनपाइपला टर्बाइनमधून बाहेर पडल्यावर निदान थोडा सरळ भाग मिळावा.

३. आता वेस्टगेट. वायू कलेक्टरकडून टर्बाइनकडे ज्या दिशेने चालला आहे, त्याच दिशेने वेस्टगेटची फांदी लहान कोनात फुटायला हवी. ३० अंश चांगले, ४५ च्या वर नको. काटकोनात किंवा उलट दिशेला वळणारी फांदी वेगातल्या वायूला नकोशी वाटते. तो सरळ टर्बाइनमध्येच जातो, आणि वेस्टगेट पूर्ण उघडूनही बूस्ट चढत राहतो. फांदी सगळ्या नळ्या एकत्र आल्यानंतरच काढा, एकट्या सिलिंडरच्या नळीवरून नाही.

वेस्टगेटच्या मापाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: बूस्ट कमी ठेवायचा म्हणून लहान वेस्टगेट पुरेल. प्रत्यक्षात उलट आहे. बूस्ट कमी ठेवायचा तर जास्त वायू टर्बाइनला वळसा घालून न्यावा लागतो, म्हणून वेस्टगेट मोठा हवा. मोठं इंजिन, लहान टर्बाइन आणि कमी बूस्ट ही जोडी वेस्टगेटसाठी सगळ्यात कठीण. ३८ मिमीबद्दल शंका असेल तर ४४–४५ मिमी घ्या.

४. टर्बोचा आधार आत्ताच ठरवा. टर्बो, वेस्टगेट आणि डाउनपाइपचं वजन पातळ, लालबुंद नळ्यांवर टांगून ठेवलं की तडा ठरलेलाच. आधार इंजिन ब्लॉकला घ्या, चॅसिसला कधीच नाही. इंजिन माउंटवर हलतं, चॅसिस हलत नाही. आधार खालून वजन पेलणारा, पण मॅनिफोल्ड तापून लांबताना सरकू देणारा असावा. दोन टोकांना बॉल जॉइंट असलेली सळई यासाठी उत्तम. डाउनपाइपमध्ये लवचीक तुकडा घालायला विसरू नका.

तपासा: टर्बो लटकलेला असताना हेड फ्लँजच्या प्रत्येक नटावर पाना आणि सॉकेट घालून पाहा. नळी कुठून गेली तर पाना अडेल, तेही कागदावर मांडा. स्पार्क प्लग, डिपस्टिक आणि ऑइल फिल्टर निघतात का, तेही बघा.

## टप्पा ४: व्यास आणि लांबी

बाजारात सहज मिळणारे दोन व्यास आहेत आणि निवड बहुधा यांच्यातच होते. इंच हे पाइपचं नाव आहे, प्रत्यक्ष माप नाही; शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग.

सव्वा इंच, शेड्यूल १०: बाहेरून ४२.२ मिमी, भिंत २.७७ मिमी, आतून ३६.६ मिमी. दीड इंच, शेड्यूल १०: बाहेरून ४८.३ मिमी, भिंत तेवढीच, आतून ४२.७ मिमी.

प्रत्येक नळी ३० सेंमीची धरली तर सव्वा इंचात चार नळ्यांचं आकारमान सुमारे १.२६ लिटर होतं, दीड इंचात १.७२ लिटर. म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर जास्तीची पोकळी, जी प्रत्येक झोताला आधी भरावी लागते. दोन लिटरच्या इंजिनात ४०० हॉर्सपॉवरच्या आसपासपर्यंत सव्वा इंच पुरतो. वरच्या आरपीएमला मोठा टर्बो चालवायचा असेल तरच दीड इंचाकडे जा. "थोडं मोठं घेतलेलं बरं" हा नियम डाउनपाइपला लागू होतो, मॅनिफोल्डला नाही.

लांबीत शक्य तितकी काटकसर करा. बिनटर्बोच्या रेसिंग हेडरसारख्या हातभर लांब नळ्यांची नक्कल इथे कामाची नाही. इथे वायू टर्बाइनवर आपटून थांबतो आणि लाटांची गणितं वेगळी होतात. वाढीव लांबीने मिळते ती फक्त उष्णतेची गळती, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही उशिरा तापतो.

वळणं लाँग रेडियसची घ्या. लांबीचा हिशोब करताना ९० अंशांच्या बेंडची मध्यरेषेवरची लांबी सव्वा इंचात ७५ मिमी आणि दीड इंचात ९० मिमी धरा. सगळी रचना आधी कागदाच्या पट्ट्या, जाड तार किंवा प्लॅस्टिकच्या जोडतुकड्यांनी बसवून पाहा. बेंड ४५ किंवा ६० अंशांत कापताना काप बेंडच्या वळणकेंद्रातून जाणाऱ्या रेषेवरच घ्या. थोडाही तिरका गेला तर कापाचं तोंड लंबगोल होतं, पुढच्या गोल नळीशी जुळत नाही आणि आत पायरी राहते.

पोर्टशी मेळ घालताना एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: फ्लँजची किंवा गॅसकेटची कड पोर्टच्या वाटेत डोकावता कामा नये. फ्लँजचं भोक पोर्टपेक्षा सगळीकडून अर्धा ते एक मिमी मोठं असलं तर हरकत नाही. उलट येणाऱ्या वायूला ती पायरी जराशी अडवते. पोर्ट लंबगोल किंवा डी आकाराचा असेल तर नळीचं टोक तापवून, साच्यावर ठोकून त्याच आकारात आणा. गोल नळी तशीच चिकटवून उरलेली जागा वेल्डने भरणं ही पळवाट आहे आणि ती पोर्टच्या तोंडावरच प्रवाह मोडते.

कलेक्टरमध्ये शिरणाऱ्या नळ्यांमधला कोन १५–२० अंशांच्या आसपास ठेवा. नळ्या मिळतात तिथे मध्ये बोथट भिंत नको. कडा घासून पात्यासारख्या करा. चार नळ्यांच्या मधोमध राहणारी चौकोनी पोकळी टोकदार तुकड्याने बंद करा. कलेक्टर बनवायला वेळ कमी असेल तर तयार विकत घ्या. मॅनिफोल्डमधला हा सगळ्यात किचकट तुकडा आहे आणि तडाही बहुधा याच्याच मधोमध जातो.

## टप्पा ५: धातू आणि फ्लँज

पेट्रोल टर्बोमध्ये टर्बाइनच्या आधीचं तापमान ८५०–९५० अंशांपर्यंत सहज जातं, डिझेलमध्ये साधारण ७००–८००. साधं स्टील या तापमानाला खपल्या टाकत झिजतं. तात्पुरत्या कामाला चालेल, पण खपल्या शेवटी टर्बाइनमधूनच जातात.

३०४ स्टेनलेस हा नेहमीचा पर्याय. मात्र साधारण ४२५ ते ८६० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहिलं की त्याच्या कणांच्या कडांवर क्रोमियम कार्बाइड साचतं आणि वेल्डच्या शेजारचा भाग कमकुवत होतो. ३२१ मध्ये टायटॅनियम असल्याने हा दोष टळतो. ट्रॅकवर सतत ताणली जाणारी गाडी असेल तर ३२१ किंवा ३४७ घ्या. फिलर तार ३०४ ला ईआर ३०८एल, ३२१ ला ईआर ३४७. स्टेनलेसची नळी साध्या स्टीलच्या फ्लँजला जोडायची तर ईआर ३०९एल.

सावधान: गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू नका, वेल्ड करताना जस्ताचा विषारी धूर निघतो. आणि वेल्डच्या जागा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसू नका. आर्कच्या उष्णतेत त्यापासून फॉसजीन हा प्राणघातक वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच वेल्डिंग सुरू करा.

हेड फ्लँज १०–१२ मिमी जाड, टर्बो फ्लँज १२ मिमी. ८ मिमीचा फ्लँज वेल्डिंगमध्येच केळ्यासारखा वाकतो.

भोकांचा हिशोब तापमानावर करा. ४०० मिमी लांबीचा स्टेनलेस फ्लँज ४०० अंशांना सुमारे २.७ मिमी लांबतो. ॲल्युमिनियमचं हेड १०० अंशांपर्यंतच तापतं आणि ०.७ मिमी लांबतं. राहिलेले २ मिमी कुठेतरी सरकायला हवेत. म्हणून मधल्या स्टडचं भोक घट्ट ठेवा आणि टोकाकडची लांबीच्या दिशेने मोठी करा. एम८ स्टडला टोकाची भोकं १०.५–११ मिमी. सगळी भोकं ८.५ मिमीची ठेवलेला फ्लँज टोकाचे स्टड तोडतो, आणि दोष स्टडला दिला जातो.

## टप्पा ६: टॅक आणि वेल्ड

१. हेड फ्लँज जुन्या हेडवर किंवा २० मिमीहून जाड प्लेटवर सगळ्या बोल्टांनी आवळा. टर्बो फ्लँजही जिगवर (तुकडे जागेवर धरणाऱ्या साच्यावर) घट्ट धरा.

२. टर्बो फ्लँज आणि कलेक्टर यांच्यापासून सुरुवात करून हेडकडे या. प्रत्येक सांध्याला तीन-चार टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) पुरेत. सगळ्यात अवघड जागेची नळी आधी बसवा, सोपी शेवटी. सोपी नळी उरलेल्या जागेतून वाट काढते, अवघडला तसं जमत नाही.

३. टॅक केलेला मॅनिफोल्ड गाडीत लावून बघा. टर्बो, वेस्टगेट, डाउनपाइप, बॉनेट, पाना, सगळं. हे टाळलं तर पुढे कापाकापी होणारच.

४. नळ्यांच्या आत आर्गन सोडून मगच पूर्ण वेल्ड करा. तोंडं फॉइल टेपने बंद करून मिनिटाला ८–१० लिटर, आतली हवा चार-पाच वेळा बदलली जाईल इतका वेळ. आर्गनशिवाय वेल्डची आतली बाजू काळपट, दाणेदार होते. तडा तिथूनच सुरू होतो, आणि सुटलेले दाणे टर्बाइनच्या पात्यांवर आदळतात.

५. एक सांधा सलग पूर्ण करून पुढच्याकडे जाऊ नका. पहिल्या नळीचा चतुर्थांश घेर, मग चौथीचा, मग दुसरीचा, असं फिरत राहा. नळ्या कलेक्टरच्या आत जिथे मिळतात तो भाग बाहेरून झाकला जाण्याआधी वेल्ड करा. नंतर टॉर्च तिथे पोचत नाही.

६. पूर्ण थंड होईपर्यंत जिगवरून काढू नका. पाणी ओतून थंड करणं तर नाहीच.

सावधान: गाडीत मॅनिफोल्ड लावलेला असताना टॅक मारायचा मोह आवरा. करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि ईसीयूही (इंजिनाचा संगणक) जाऊ शकतो. टॅकपुरतंही करायचं असेल तर बॅटरी, अल्टरनेटर आणि ईसीयूचे कनेक्टर सोडवा आणि अर्थ क्लॅम्प सांध्याच्या अगदी शेजारी लावा.

## टप्पा ७: सपाटी, सफाई, गळती

फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला. संपूर्ण लांबीवर ०.१ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर मशीनवर घासून घ्या. बोल्ट आवळून फ्लँज सरळ करू म्हणणारा हेडचे आटे काढतो. टर्बो फ्लँजलाही हाच नियम.

आतून प्रत्येक नळीत बारीक लवचीक ब्रश फिरवा, वेल्डचे गोळे छिन्नीने काढा, उलटा करून ठोका, हवा मारा, मग पुन्हा ठोका. टर्बाइनचं चाक पूर्ण बूस्टला मिनिटाला लाखभर फेऱ्या मारत असतं. त्यात गेलेला मोहरीएवढा गोळाही पातं तोडायला पुरेसा.

शेवटी दोन्ही फ्लँज आणि वेस्टगेटचं तोंड प्लेटनी बंद करून अर्धा बार हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर तो भाग घासून पुन्हा वेल्ड करा. वरून आणखी एक थर चढवू नका.

## टप्पा ८: बसवणं

हेडच्या बाजूला अनेक थरांचं स्टीलचं गॅसकेट. कुठेही सिलिकॉन सीलंट नको, तो जळतो. जुने स्टड तपासा. ताणलेला किंवा खड्डे पडलेला एकही परत लावू नका. नायलॉनचे लॉकनट इथे वितळतात, पूर्ण धातूचे लॉकनट घ्या. आट्यांना निकेलयुक्त अँटीसीझ लावा.

मधल्या नटापासून टोकांकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. आकडा इंजिनाच्या मॅन्युअलचा घ्या. टर्बोचा आधार सगळ्यात शेवटी आवळा, मॅनिफोल्ड हेडला पूर्ण बसल्यावर. आधी आवळलेला आधार मॅनिफोल्डला कायमचा वाकवून धरतो.

उष्णता आवरायला हीट शील्ड लावा. धातू आणि शील्डमध्ये १० मिमी तरी हवा राहू द्या. मॅनिफोल्डला कापडी पट्टी गुंडाळण्याबद्दल मत स्पष्ट आहे: झोताची उष्णता टिकते हे खरं, पण धातूचं स्वतःचं तापमानही वाढतं आणि तडे दिसत नाहीत. शील्ड आणि टर्बोवरचं ब्लँकेट बरं. ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या जवळून जात असतील तर त्यांना वेगळं कवच द्या.

एअर-फ्युएलचा (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) वाइडबँड सेन्सर टर्बाइनच्या पुढे बसवा. टर्बाइनच्या आधी दाब आणि उष्णता त्याचं रीडिंग बिघडवतात. हेड फ्लँजला बारीक गळती असेल तर झोतांच्या मधल्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ दाखवतो आणि ईसीयू विनाकारण इंधन वाढवतो.

## टप्पा ९: पहिली स्टार्ट आणि ट्यूनिंग

१. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून ऑइल प्रेशर दिसेपर्यंत क्रँक करा.

२. सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. थंड असतानाच नटांचा टॉर्क तपासा. असं दोन-तीन वेळा, त्याआधी पूर्ण बूस्ट नाही.

३. बूस्ट कंट्रोलर बंद ठेवून, फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर पहिला पूर्ण थ्रॉटल घ्या. बूस्ट स्प्रिंगच्या आकड्याला येऊन रेडलाइनपर्यंत सपाट राहिला पाहिजे. तो ०.२ बारने चढत गेला तर लगेच थ्रॉटल सोडा. वेस्टगेट लहान आहे किंवा त्याची फांदी चुकीच्या कोनात आहे. कंट्रोलरच्या सेटिंगने हे सुटत नाही, कारण व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा आहे.

४. इंधन आणि इग्निशनचे नकाशे (ईसीयूमधले तक्ते) पुन्हा बसवा. मॅनिफोल्ड बदलला की इंजिनात भरणारी हवा बदलते. जुन्या नकाशावर मिश्रण पातळ होण्याचा धोका आहे. इग्निशन एकेक अंशाने पुढे न्या आणि प्रत्येक सिलिंडरचा नॉक स्वतंत्र ऐका.

५. टप्पा १ चे तिन्ही आकडे तसेच, त्याच पद्धतीने पुन्हा घ्या. मध्ये टर्बो, कॅम किंवा डाउनपाइप बदलला असेल तर तुलना बाद.

## तडा गेलाच तर, कुठे गेला ते आधी पाहा

वेल्ड घासून पुन्हा भरण्याआधी तड्याची जागा नीट बघा. कलेक्टरच्या मधोमध, नळ्या मिळतात तिथे तडा असेल तर बहुधा आतून वेल्ड झालेला नाही किंवा आर्गन सोडला नव्हता. हेड फ्लँजलगत, नळीच्या वरच्या बाजूला असेल तर टर्बोचं वजन नळी पेलतेय, आधार बघा. फ्लँजच्या टोकाचे स्टड तुटत असतील तर भोकांना सरकायला जागा नाही. वेस्टगेटच्या फांदीच्या मुळाशी तडा असेल तर वेस्टगेट आणि त्याचा पाइप मोकळा लोंबकळतोय. एकाच सिलिंडरची नळी पुन्हापुन्हा तडकत असेल तर त्या सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान मोजा. तिथे इंधन कमी पडतंय किंवा इग्निशन फार मागे आहे. बेंडच्या मध्यावर, वेल्डपासून दूर तडा गेला असेल तर भिंतीची जाडी मोजा. वळवताना पातळ झालेली नळी वेल्ड करून टिकत नाही, तो तुकडा कापून नवा बेंड घाला.